उ: सोमा राणी आणि कौंडिण्य

कंबोडियाच्या प्राचीन राजवंशाची आद्य राणी सोमा आणि तिचा नवरा कौंडिण्य यांची कथा वसाहतकाळातल्या इतिहासकारांनी रचली, असं मत इथे कुणीतरी मांडलं होतं; ते पटलं नाही. चंपा या आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या राज्याचा राजा प्रकाशधर्म याच्या इ.स. 658 च्या संस्कृत शिलालेखात ती आहे. (लेख व्हिएतनाममधल्या मी सनचा.) त्यानुसार कौंडिण्याने कंबोडियातल्या भवपुर या नगरीत भाला रोवला आणि नागकन्या सोमेशी लग्न केलं. भाला कुणाचा, तर द्रोणपुत्र अश्वत्थाम्याने दिलेला! आपल्याकडे तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिकडे राजवंशाला शस्त्र पुरवतो, हे भारीच.

मात्र फुनानबद्दलच्या (म्हणजे कंबोडियाच्या भागातल्या प्राचीन राज्याबद्दलच्या) चिनी नोंदींत नाग वगैरे काही नाही. तिथली राणी लिउये (म्हणजे सोमा) परक्या जहाजावर चाल करून जाते, पण हुनतिएनचा (म्हणजे कौंडिण्याचा) बाण तिच्या नावेतून आरपार जातो आणि ती शरण येते. मला हीच आवृत्ती जास्त खरी वाटते. ख्मेर (कंबोडियन) लग्नात आजही नवरा नवरीच्या शेल्याचं टोक धरून मागोमाग चालतो, ते मात्र नागकन्येच्या कथेवरून.