अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांचे सेकंडरी निबंध : गोव्याबद्दल किती लिहावे?

डिचोलीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मूळची डिचोली तालुक्यातली. नववीपर्यंतची शाळा इथेच झाली. त्यानंतर आम्हाला अमेरिकेला नेण्यासाठी आत्याने फार पूर्वी भरलेल्या अर्जाचा नंबर लागला, आम्ही सगळे न्यू जर्सीला गेलो आणि माझी पदवी तिकडच्या सरकारी विद्यापीठात पूर्ण झाली. यंदा मी ॲमकास या तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जसेवेमार्फत एमडीसाठी (तिकडे डॉक्टर होण्याची ही पहिलीच पदवी) अर्ज केला आहे. प्रायमरी, म्हणजे सगळ्या कॉलेजांसाठीचा एकच मूळ अर्ज, जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे पोहोचला आणि आता मी आजीकडे आलेली असताना सेकंडरी, म्हणजे प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे निबंधाचे प्रश्न, एकामागून एक येऊ लागल्या आहेत. माझ्या इथल्या वर्गमैत्रिणी ‘नीट’ परीक्षा देऊन बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गेल्या. त्या वाटेवर निबंध हा प्रकारच नसल्यामुळे घरात किंवा ओळखीत विचारावे असे कोणी नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

प्रत्येक कॉलेजची शब्दमर्यादा आणि फी वेगळी असली तरी प्रश्न फिरून तेच येतात : तुमच्या अनुभवांमुळे आमच्या वर्गात कोणती भर पडेल, कठीण प्रसंग कोणता आला आणि तुम्ही काय केले, आमचेच कॉलेज का. पहिल्या प्रश्नासाठी मी गोव्यावर लिहिले आहे. मसुद्याची सुरुवात १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत इथे सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपासून होते आणि पुढे आमची कोकणी-मराठी संस्कृती, शिगमो, जत्रा असे येते. वाचायला बरे वाटते, पण त्यात मी कुठे आहे ते मलाच सापडत नाही. सुट्ट्यांत मी सांखळीला काकांच्या फार्मसीत बसत असे, त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत आला आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी खाणबंदी डोळ्यांसमोर आहे. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारे बाबांचे ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते थकले. पण ही अडचण बाबांची होती की माझी? त्या वयात मी केले ते इतकेच की बँकेची इंग्रजी पत्रे आजोबांना मराठीत समजावून सांगत असे.

तिसरी गोष्ट म्हणजे मागच्या उन्हाळ्यात सत्तरी तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन काही काळ बसले होते. तिथे माकडतापाचा एक रुग्ण पाहिला. त्याबद्दल लिहिणे योग्य ठरेल का? आणि दोन आठवड्यांत उत्तर पाठवले नाही तर अर्ज मागे पडतो, हे खरे आहे का?

म्हापशाचा, सध्या अमेरिकेत रेसिडेन्सी

वेळेचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यानेच झोप उडते. बऱ्याच कॉलेजांनी दिलेली अधिकृत मुदत दोन आठवड्यांहून बरीच पुढची असते. दोन आठवडे हा अर्जदारांमध्ये रूढ झालेला संकेत आहे. त्यामागचे कारण मात्र खरे आहे : बहुतेक ठिकाणी अर्ज येतील तसे वाचले जातात, उन्हाळा संपता संपता मुलाखती सुरू होतात आणि जागा भरत जातात. म्हणून रेंगाळू नये, पण पंधराव्या दिवशी पाठवलेला चांगला निबंध सहाव्या दिवशी पाठवलेल्या कच्च्या निबंधापेक्षा केव्हाही बरा. शिवाय सेकंडरी आली म्हणजे निवड जवळ आली असेही समजू नका. काही कॉलेजे प्रायमरी चाळून मोजक्यांनाच ती पाठवतात, तर काही जवळपास सगळ्यांना पाठवून फी घेतात.

सगळे प्रश्न एका तक्त्यात उतरवून घ्या आणि प्रश्नाचा रोख पाहून त्यांचे गट पाडा. अक्षरमर्यादेवरून गट पाडण्यात अर्थ नाही. प्रत्येक गटाचा एक मोठा मसुदा लिहून ठेवला की लहान मर्यादेसाठी तो कापता येतो. लहान मसुदा फुगवायला गेलात की पाणी घातलेले लगेच कळते. पुढच्या वर्षी अर्ज करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी यंदाचे प्रश्न जपून ठेवावेत, कारण बरीच कॉलेजे दर वर्षी प्रश्नांत फारसा फरक करत नाहीत.

‘आमचेच कॉलेज का’ या प्रश्नावर बहुतेक जण संकेतस्थळावरची माहिती स्वतःच्या शब्दांत कॉलेजला परत सांगतात. ड्यूकमध्ये पायाभूत विज्ञाने पहिल्याच वर्षात आटोपून तिसरे वर्ष संशोधनाला मोकळे ठेवतात, किंवा क्लीव्हलँड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून तिथे श्रेणी देत नाहीत, हे त्या कॉलेजांना माहीतच आहे. त्यांना वाचायचे असते ते असे की संशोधनाचे ते वर्ष तुमच्या कोणत्या अर्धवट राहिलेल्या प्रश्नासाठी तुम्हाला हवे आहे आणि त्या प्रश्नावर तुम्ही आजवर काय केले आहे. तुमच्या अर्जात प्रयोगशाळेचा अनुभव नावापुरता असेल तर तिसऱ्या वर्षाचे गोडवे गाऊन काही साधणार नाही. त्याऐवजी त्या कॉलेजच्या मोफत दवाखान्यात भाषेची अडचण असलेले रुग्ण येतात का ते शोधा, कारण तुमच्याकडे सांगण्यासारखे तिथे आहे.

‘वर्गात कोणती भर पडेल’ या प्रश्नाबाबत आणखी एक संदर्भ लक्षात ठेवा. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा निकष म्हणून विचार करण्यास मनाई केली, मात्र वंशामुळे स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला याबद्दल अर्जदाराने लिहिले तर ते विचारात घेण्यास मनाई नाही, असेही निकालपत्रात म्हटले. त्यामुळे आपण कोणत्या समाजाचे, कोणत्या प्रदेशाचे एवढे सांगून भागत नाही. त्यातून आपण काय शिकलो आणि काय करू लागलो ते सांगावे लागते. प्रायमरीत तुमचे ५,३०० अक्षरांचे निवेदन आणि जास्तीत जास्त १५ उपक्रमांच्या नोंदी त्यांच्यासमोर आहेतच. त्यात फार्मसी आली असेल तर तीच नोंद पुन्हा लिहू नका, तिच्या आत जा.

निवृत्त शिक्षिका, म्हापसा

बाय, १८४२ ची शाळा काढून टाक. ती आशिया खंडातील जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक आहे याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही, पण तू तिथे शिकली नाहीस. शिगमो आणि जत्राही काढ. पर्यटन खात्याच्या पत्रकात शोभेल असे वाक्य निबंधात आले की वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

आता फार्मसीकडे ये. तू एका ओळीत उरकलेस तिथेच तुझा निबंध आहे असे मला वाटते. आपल्याकडे माणसे गोळ्यांचा पूर्ण पत्ता (स्ट्रिप) घेत नाहीत, पाच गोळ्या मागतात. फार्मसीवाला कात्रीने पत्ता कापून देतो आणि औषधाचे नाव किंवा मुदतीची तारीख कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. मग घरी डब्यात तीन रुपेरी तुकडे, तिन्ही सारखे दिसणारे, आणि रक्तदाबाची गोळी कोणती हे फक्त सुनेला माहीत. बोलणे कोकणीत, वाचणे मराठीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, अशा तीन पायऱ्या उतरून औषध आजीपर्यंत येते. तू काउंटरमागे बसून हे पाहिले असशील. तेव्हा काय केलेस? पाकिटावर मराठीत ‘सकाळी जेवल्यावर’ असे लिहून दिलेस का? एखाद्या म्हातारीला ती सूचना परत बोलून दाखवायला सांगितलीस का? केले असशील तर तेवढेच लिही, आणि केले नसशील तर काकांनी काय केले आणि ते पाहून तू पुढे अमेरिकेत कुठल्या रुग्णाशी कसे वागलीस ते लिही. जे घडले नाही ते मात्र रचू नकोस. मुलाखतीत हाच निबंध समोर ठेवून विचारतात.

खाणबंदीबद्दल तुझी शंका रास्त आहे. ट्रक उभे राहणे ही बाबांची अडचण. तुझी अडचण बँकेच्या पत्रांपासून सुरू होते. घरातल्या सर्वांत कर्त्या माणसाला वाईट बातमी त्याच्याच भाषेत समजावून सांगण्याचे काम शाळकरी मुलीच्या वाट्याला आले. त्यात काय वगळावे, काय लपवू नये, आजोबांचा चेहरा पाहून कुठे थांबावे हे तुला ठरवावे लागले असणार. डॉक्टरला जन्मभर हेच करावे लागते, पण हे वाक्य तू निबंधात लिहू नकोस. पत्राचा प्रसंग नीट आला तर वाचणाऱ्याला ते आपोआप कळेल.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण बाहेरून निबंध तपासणाऱ्याला ती सुचणार नाही. खाणबंदी हा आमच्याकडे दोन्ही बाजूंनी दुखरा विषय आहे. एकाच गावात कोणाचा ट्रक थांबला आणि कोणाच्या शेतात वर्षानुवर्षे खाणीचा गाळ उतरून भात पिकेनासे झाले. बंदी चूक होती की बरोबर याचा निवाडा तीनशे शब्दांत करू नकोस. पण शेजारच्या घराला त्याच बंदीने दिलासा मिळाला होता याची जाण एका वाक्यात दिसली, तर गाऱ्हाण्याचा सूर निघून जाईल. शेवटी ‘या संकटाने मला कणखर बनवले’ हे ठरलेले वाक्य येणार नाही याची काळजी घे. मी वाचलेल्या बहुतेक मसुद्यांत ते होते आणि एकाही मसुद्याला त्याची गरज नव्हती.

बांबोळीहून

मी गोवा मेडिकल कॉलेजमध्ये शिकलो आणि काही वर्षे सत्तरीत काम केले, म्हणून फक्त तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो.

माकडतापाबद्दल लिहायला हरकत नाही, पण रुग्ण ओळखू येता कामा नये. नाव गाळणे पुरेसे नाही. सत्तरीतल्या एखाद्या वाड्याचा उल्लेख, रुग्णाचे वय आणि काजूच्या बागायतीतले काम, एवढे एकत्र आले की त्या वाड्यावरच्या कोणालाही माणूस कळतो. वाडा आणि वय दोन्ही गाळा. निबंध अमेरिकेत वाचला जाणार आहे म्हणून इथली गोपनीयता सैल होत नाही.

दुसरे, तुम्ही तिथे काय केलेत ते काटेकोर लिहा. अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशातील अशा अनुभवांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्यांचा मथितार्थ असा की जे काम स्वतःच्या देशात प्रशिक्षणाशिवाय करू दिले नसते, ते दुसऱ्या देशात संधी मिळाली म्हणून करू नये. केंद्रात गर्दी असते आणि कोणी सहज ‘जरा इंजेक्शन भरून द्या’ म्हणून जातो. असे काही केले असल्यास ते पराक्रम म्हणून मांडणे अंगाशी येईल. तुम्ही पाहिले असेल तर ‘पाहिले’ असेच लिहा, त्यात कमीपणा नाही.

आणि रुग्णाच्या दयनीय अवस्थेवर शब्द खर्च करू नका. हा ताप गोचिडीमुळे होतो, आणि काजूच्या हंगामात लोकांना रानात जावेच लागते. जाण्यापूर्वी अंगाला गोचिडी दूर ठेवणारे तेल चोळा, परत आल्यावर अंग नीट तपासा, मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवा, हे सांगत आरोग्य सेविका घरोघर फिरते. लोक तिचे कधी ऐकतात आणि कधी नाही, का नाही, हे तुम्ही पाहिले असेल तर तुमच्या निबंधाला रोगाच्या वर्णनापेक्षा अधिक वजन येईल.

डिचोलीची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. बाई, पत्त्यांचे तुम्ही लिहिले ते तंतोतंत खरे आहे. काका कापलेला तुकडा पाकिटात घालत आणि पाकिटावर औषधाचे नाव व वेळ मी लिहीत असे. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढत असे. हे निबंधात लिहिण्याजोगे आहे असे कधी वाटलेच नव्हते. आरोग्य केंद्रात मी केवळ पाहत होते आणि परिचारिकेच्या देखरेखीखाली रक्तदाब मोजत होते, ते तसेच लिहीन.

आणखी दोन शंका. एका सल्लागाराने पैसे घेऊन सगळे निबंध ‘तयार करून’ देतो असे कळवले आहे. एआयची मदत घेणारेही पुष्कळ दिसतात. यात मर्यादा कुठे आहे? आणि अडचणीच्या प्रश्नाला एका ठिकाणी जेमतेम हजार अक्षरे आहेत, तिथे काय ठेवू?

म्हापशाचा, सध्या अमेरिकेत रेसिडेन्सी

त्या सल्लागाराला नकार कळवा. ॲमकासचा अर्ज पाठवताना आपण जे प्रमाणित करतो त्यात हे स्पष्ट आहे की विचारमंथन, मुद्रितशोधन आणि संपादन यांसाठी मार्गदर्शक, मित्र किंवा एआय साधनांची मदत घेता येते, पण अंतिम लेखन तुमचे स्वतःचे आणि तुमच्या अनुभवाशी प्रामाणिक असले पाहिजे. सेकंडरीसाठी प्रत्येक कॉलेजची स्वतंत्र सूचना असू शकते, ती अर्जाच्या पानावर वाचून घ्या. माझे मत विचाराल तर एआयकडून पहिला मसुदा करून घेऊच नका. त्याला सूर्य-चंद्राची पाकिटे माहीत नाहीत. तो तुम्हाला पुन्हा जत्रेकडे आणि संस्कृतीकडे नेईल. स्वतः लिहून झाल्यावर व्याकरणासाठी दाखवलेत तर चालेल.

हजार अक्षरांत मोकळ्या जागाही मोजल्या जातात, म्हणजे इंग्रजीत साधारण दीडशे-पावणेदोनशे शब्द मिळतील. त्यात ट्रक आणि खाणबंदी मिळून एक वाक्य, शेजारच्या शेताचे अर्धे, आणि बाकी सगळी जागा पत्रे व आजोबा यांना द्या. अमेरिकेला जाण्याची हकीकत तिथे नको, ती प्रायमरीत आली असणार. आणि अर्जाच्या चौकटीत चिकटवल्यावर मजकूर पुन्हा वाचा. मराठी नावांवर दिलेली विशेष चिन्हे आणि तिरपी अक्षरे काही चौकटींत टिकत नाहीत, त्यामुळे गावांची नावे साध्या रोमन अक्षरांतच लिहा.