जुनं किंग एअर सी९०बी विमान गोव्यात ठेवणं परवडतं का?

मांडवीकाठ:
गोव्यातल्या अनेक कंपन्यांची कामं कोल्हापूर, हुबळी, नांदेड, बारामतीकडे असतात. तिथे सोयीच्या वेळेचं थेट विमान क्वचितच मिळतं. मुंबईमार्गे गेलं की दिवस गेलाच. चार-पाच माणसांसाठी जुनं सी९०बी, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं टर्बोप्रॉप, घेणं मला शहाणपणाचं वाटतं. पीटी६ए-२१ ची दोन इंजिनं, प्रत्येकी ५५० अश्वशक्ती, वेग २४० नॉटच्या (ताशी ४४५ किमी) आसपास, शिवाय लहान धावपट्टी चालते. कोल्हापूर अर्ध्या तासात. नवं विमान घेण्यात पैसे अडकवायचे कशाला?

लॉगबुक:
साफ असहमत. जाहिरातीतली किंमत ही खर्चाची सुरुवात असते. या इंजिनाचा टीबीओ, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती (ओव्हरहॉल) करायची मुदत, ३,६०० तास; हॉट सेक्शनची, म्हणजे ज्वलन आणि टर्बाइनच्या तप्त भागाची, तपासणी साधारण १,८०० ला. इंजिनांचे ३,२०० तास झालेलं विमान स्वस्त का मिळतं, ते इथेच कळतं: ४०० तासांनी दोन्ही इंजिनं एकदम ओव्हरहॉलला. आणि न उडताही वेळ संपणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल सहा वर्षांनी, प्रॉपेलरचं बनावटीप्रमाणे पाच-सहा वर्षांनी, पंखांचे बोल्ट दर पाच वर्षांनी तपासायचे आणि पंधराव्या वर्षी बदलायचे. वर्षाला १०० तास उडणाऱ्या विमानाला हे सगळं तासामागे फार महाग पडतं. चार्टर घ्या.
आणखी एक, खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेता येत नाही. रिकामे तास विकून खर्च भागवायचा बेत असेल तर एनएसओपी, म्हणजे भाड्याने विमान चालवायचा परवाना, हवा.

कंप्रेसर_वॉश:
गोव्याबद्दलचा मुख्य मुद्दा दोघांकडूनही राहिला: खारा वारा. हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट होतं, ते टर्बाइनच्या पात्यांवर बसतं आणि धातू आतून खातं. यालाच सल्फिडेशन म्हणतात. पात्यांवर आधी फोड येतात, मग पापुद्रे सुटतात, आणि हे बोरोस्कोप (इंजिनात डोकावणारी कॅमेऱ्याची नळी) आत घातल्याशिवाय दिसत नाही.
उपाय कंटाळवाणा आहे, पण चुकवू नका. समुद्राजवळ रोज उडत असाल तर रोज, एरवी आठवड्याला पाण्याने डीसॅलिनेशन वॉश, म्हणजे इंजिनातलं मीठ धुणं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, इग्निशन बंद ठेवून स्टार्टरवर फिरवा, स्वच्छ क्षारमुक्त पाणी सोडा, मग इंजिन चालवून वाळवा. स्टार्टरची मर्यादा पाळा: ४० सेकंद चालू, ६० बंद, असं तीनदा झालं की अर्धा तास थांबा. बॅटरी ढिली असताना सुरू करायला जाल तर आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधलं तापमान, झर्रकन चढतं. इंजिन सुरू करतानाची १,०९०° सेल्सियसची मर्यादा फक्त दोन सेकंदांची असते. ती ओलांडणारा एक हॉट स्टार्ट, की हॉट सेक्शनचा खर्च समोर उभा.
उघड्यावर ठेवणार असाल तर घेऊच नका.

मांडवीकाठ:
हँगरचं मान्य. पण लॉगबुक, तुमचा हिशेब १०० तासांचा आहे. आठवड्याला दोन दौरे असतील तर गणित बदलतं, आणि चार्टरचं विमान बहुतेक वेळा मुंबईहून रिकामं यावं लागतं, ते तासही आपल्याच बिलात. लहान धावपट्ट्यांवर इंधन मिळत नाही म्हणून अडत नाही. १,४५० लिटर मावतं, परतीचं सोबत न्या.

लॉगबुक:
टाक्या भरल्यात तर इंधनच साधारण १,१६५ किलो. कमाल वजन ४,५८१ किलो, त्यामुळे बहुतेक सी९०बी मध्ये दोन वैमानिकांनंतर जेमतेम एक प्रवासी उरतो. कोल्हापूरला अर्ध्या टाक्या पुरतील, नांदेडला जाऊन परत यायचं तर आधी वजनाचा तक्ता मांडा. दाबोळी नौदलाचा तळ आहे, सकाळचे काही तास त्यांच्या सरावाचे. नऊच्या बैठकीसाठी मोपाचा दुसरा विमानतळच धरा.

घाटवाट:
मग एका इंजिनाचं पीसी-१२ विमान का नको? एकच पीटी६ए-६७, टीबीओ ३,५००, मागे मोठं मालाचं दार. ओव्हरहॉल एकाच इंजिनाचं.

कंप्रेसर_वॉश:
पावसाळ्यात चोर्ला-अनमोड घाटांच्या डोक्यावरून ढगांत एका इंजिनावर प्रवासी न्यायला मी हो म्हणणार नाही. खालचं जंगल उतरायला जागा देत नाही.
सी९०बी घेणारच असाल तर तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये करू नका. दोन्ही इंजिनांचं बोरोस्कोप, चाकांचे खण, बॅटरीचा खण, टॉयलेटखालचा पत्रा, पंखांचे सांधे उघडून बघा. इसार देण्याआधी करारात लिहून घ्या की गंज सापडला तर पैसे परत. आणि आयात करत असाल तर वयाची, सायकलची (एकूण उड्डाण-उतरणीची) डीजीसीए या विमान नियामकाची अट त्याआधी तपासा, नंतर नव्हे.