शब्दचर्चा: गिटारची पट्टी ‘वाकवायची’ की तिला ‘बाक द्यायचा’?

प्रश्न

दादरमध्ये एका कारागिराकडे अकूस्टिक गिटार बांधायला शिकत असताना त्यांच्या सूचना मी मराठीत लिहून काढत आहे. गिटारच्या बाजूंच्या पट्ट्या जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या ओल्या करून तापलेल्या धातूच्या नळीवर हळूहळू दाबत कमरेच्या आकारात आणतात. या कामाला तिथे सगळेच ‘बेंड मारणे’ म्हणतात. वहीत ‘वाकवणे’ लिहावे, ‘वळवणे’ लिहावे, की आणखी काही?

प्रतिसाद

‘बेंड मारणे’ हा मुंबईच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा, लोखंडी पाइपासाठी रुळलेला शब्द आहे आणि बोलताना तो खुशाल वापरावा. आपल्याकडे या क्रियेला तयार शब्द चटकन सापडत नाही, याचे कारण मला आपल्या वाद्यांच्या घडणीत दिसते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भोपळा गोलाई घेऊनच येतो, तर सारंगी आणि सरोद लाकूड कोरून घडवतात. त्यामुळे ‘कोरणे’ आपल्या कारागिरांच्या तोंडी आहे, पण पातळ पट्टीला आकार देण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही.

‘वाकवणे’ चुकीचे नाही. मात्र त्याच्या शेजारीच ‘वाकडे’ उभे असते, आणि वाकडेपणा आपण दोष मानतो. ‘बाक’ त्याच कुळातला असूनही त्याला हा डाग नाही: बाकदार नाक, बाकदार शिंगे. (हा ‘बाक’ पुल्लिंगी; शाळेत बसायचे ते बाक नपुंसकलिंगी. वहीत ‘तो बाक’ असे लिंग स्पष्ट ठेवावे.)

‘लवणे’ मात्र इथे टाळावे. फळांच्या भाराने फांदी लवते आणि भार उतरला की पुन्हा वर येते. म्हणजे लवण्यात परत येणे गृहीत आहे. गिटारच्या पट्टीकडून आपल्याला नेमके याच्या उलट हवे असते. ओलाव्याने आणि उष्णतेने लाकडातील लिग्निन (तंतूंना एकत्र बांधून ठेवणारा घटक) मऊ पडते, तंतू एकमेकांवर थोडे सरकतात, आणि निवल्यावर लिग्निन पुन्हा घट्ट होऊन नवा आकार टिकवते. या टिकण्याला मराठीत ‘धरणे’ हे सुरेख क्रियापद आहे: लाकडाने बाक धरला. साच्यातून लवकर काढल्यावर पट्टी थोडी उलगडते, त्याला ‘बाक सुटला’ म्हणावे. जसा दोरीचा पीळ सुटतो तसा.

‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण आपण बाणेदारपणासाठी वापरतो, पण पट्टीच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरते. वाकताना आतल्या अंगावर दाब येतो आणि बाहेरचे अंग ताणले जाते. तापलेले लाकूड दाब बराच सोसते, ताण मात्र फार थोडा, म्हणून तडा बाहेरच्या अंगाला जातो आणि बहुधा कमरेपाशीच, जिथे बाक सर्वांत आवळ असतो. बाहेरून पातळ पत्र्याची पट्टी लावून वाकवतात ती याचसाठी.

दुसरा प्रतिसाद

‘वळण’ का नको? हस्ताक्षराला वळण असते, मुलांना वळण लावतात. त्यातही टिकाऊपणा आहेच.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आहे, आणि म्हणूनच पूर्ण झालेल्या आकृतीला, म्हणजे खांद्यापासून कमरेवरून बुडापर्यंत जाणाऱ्या रेषेला, ‘गिटारचे वळण’ म्हणणे मला मान्य आहे. क्रियेसाठी मात्र ‘वळणे’ घेतल्यास लाडू आणि दोरी आठवते, तर ‘वळवणे’ म्हटल्यावर दिशा बदलते, आकार बदलत नाही.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. वहीतले वाक्य आता असे लिहिले आहे: ‘शिसवीची पट्टी ओली करून नळीवर कमरेपाशी बाक द्यावा, तडकण्याचा आवाज येताच हात थांबवावा, आणि निवून बाक धरेपर्यंत पट्टी साच्यातून काढू नये.’