मदत हवी आहे: ॲडॅप्टरमागचा टीव्ही फोनला दिसत नाही

टीव्ही आणि एव्ही रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) दोन्ही जुने, वाय-फाय नाही, फक्त लॅन पोर्ट. टीव्हीच्या यूएसबीत साधा डोंगल चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर टीव्हीत नाही. म्हणून छोटा ट्रॅव्हल राउटर ॲडॅप्टरसारखा वापरतोय: वाय-फाय घेतो, लॅनमधून ५ पोर्टच्या स्विचला देतो, तिथून दोन्ही उपकरणांना.

इंटरनेट उत्तम चालतं. अडचण ही की ॲडॅप्टर स्वतःच आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटून देतो. टीव्हीला १९२.१६८.०.१०० मिळतो, फोन आणि पीसी मात्र १९२.१६८.१ च्या नेटवर्कवर. त्यामुळे फोनवरून कास्ट होत नाही, पीसीवरचा डीएलएनए सर्व्हरही (घरच्या नेटवर्कवर व्हिडिओ-गाणी पुरवणारा) टीव्हीला दिसत नाही.

करून पाहिलेलं: ॲडॅप्टर क्लायंट मोडवर (मुख्य वाय-फायला साध्या उपकरणासारखा जोडून) टाकला, डीएचसीपी (आपोआप आयपी देणं) बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ दिला. आता टीव्ही बरोबर नेटवर्कवर येतो, पण रिसीव्हर चालू केला की दोघांपैकी एकच टिकतो. हाताने वेगवेगळे आयपी देऊनही तेच. बहुधा हा मोड एकाच मॅक पत्त्याची (उपकरणाच्या हार्डवेअर ओळखक्रमांकाची) वाहतूक नीट पुढे पाठवतो. फर्मवेअर ताजं आहे, राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वाय-फायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सेटिंग) बंद आहे. वीजही टीव्हीच्या यूएसबीतून नाही, वेगळ्या ५ व्होल्ट २ अँपिअर चार्जरवरून.

मुख्य राउटर इंटरनेट कंपनीचा, त्यात डब्ल्यूडीएस (एका वाय-फाय जोडणीतून अनेक उपकरणांचे मॅक पत्ते पुढे नेणारी सोय) नाही आणि तो बदलता येणार नाही. भाड्याचं घर, भिंतीतून केबल नको. बजेट दोन हजार.

ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरचं मुक्त फर्मवेअर) रिलेडी (वाय-फाय आणि लॅन जोडून देणारा त्यातला प्रोग्राम) वापरून दोन्ही उपकरणं कास्टसकट चालवली आहेत का कुणी? की प्रत्येकाला वेगळा ॲडॅप्टर हाच मार्ग?