ओपन सोर्समध्ये (सगळ्यांना खुला कोड) योगदानाला सुरुवात कुठून? लॅपटॉप ८ जीबी, बजेट शून्य

राजारामपुरी_गल्ली:
पायथन बऱ्यापैकी येतंय, सी++ वाचता येतंय. आय३, ८ जीबी रॅम, विंडोज. नेट मोबाईलचं, दिवसाला २ जीबी. रविवारी दोन-तीन तास देणार. कुठला प्रोजेक्ट धरू? लिब्रेऑफिस (फुकटचं ऑफिस पॅकेज) मनात आहे.

शाहूपुरी_टर्मिनल:
आधी रॅम १६ करा. आपल्याकडं ३२ आहे, नाद नाय.

राजारामपुरी_गल्ली:
बजेट शून्य म्हटलंय की ओ.

पांढरा_रस्सा:
लिब्रेऑफिस नको. पहिला बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) काही तास खातो. ८ जीबीत चार जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) सोडले की मेमरी संपते, कंपायलर ‘किल्ड’ म्हणून पडतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. रोज वापरता ती पायथन लायब्ररी घ्या. ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी सोपं काम) लेबल बघा, पण त्यावर कुणाची पुल रिक्वेस्ट (बदल घ्या म्हणून पाठवलेली विनंती) आधीच उघडी आहे का तेही बघा. सहा महिन्यांत काहीच मर्ज झालं (मूळ कोडमध्ये घेतलं) नसेल तर पुढं चला.

कळंबा_कर्नल:
विंडोज काढा, फेडोरा लिनक्स टाका.

शाहूपुरी_टर्मिनल:
उबुंटू. आणि रॅम.

कळंबा_कर्नल:
उबुंटू म्हणजे स्नॅप पॅकेजचं लोढणं.

उजळाईवाडी_रनवे:
भांडा तिकडं दुसऱ्या धाग्यावर. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स) चालतं. फक्त ते मुळात निम्मीच रॅम घेतं, म्हणजे तुमच्याकडं ४ जीबी. सेटिंगमध्ये ६ करा. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवलात तर गिट स्टेटससुद्धा (काय बदललं ते दाखवणारी कमांड) रखडतं. एडिटरचं सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करणं बंद. नाहीतर बदल एका ओळीचा आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक) अख्खी फाइल. असला पॅच (पाठवलेला बदल) कोण तपासणार?

पांढरा_रस्सा:
क्लोन करताना (गिटनं कोड उतरवून घेताना) ‘फिल्टर ब्लॉब नन’ लावा, डेटा वाचतो. डेप्थ १ नं अजून कमी लागतो, पण इतिहास येत नाही, ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली) सगळ्या ओळी त्या एकाच कमिटच्या (नोंदवलेला बदल) नावावर दिसतात.

गंगावेस_पहाटे:
वेबलेटवर (भाषांतराची वेबसाइट) मराठी भाषांतर करा. बिल्ड नको, रॅम नको.

शाहूपुरी_टर्मिनल:
भाषांतर म्हणजे काय योगदान व्हय?

गंगावेस_पहाटे:
मराठी मेन्यू आपोआप उगवतात काय?

कळंबा_कर्नल:
पायथनची लायब्ररीच घ्या. वर सांगितलंयच.

राजारामपुरी_गल्ली:
सगळ्यांचं वाचलं. लिब्रेऑफिसच घेतो. क्लोन मित्राच्या वायफायवर, बिल्ड रात्री लावून झोपायचं.

पांढरा_रस्सा:
घ्या मग, काय. ऑटोजेन इनपुटमध्ये (बिल्डची सेटिंग फाइल) विथ-पॅरललिझम २ लिहा, म्हणजे एका वेळी दोनच जॉब. डीबगयुटिल (चुका शोधायचा पर्याय) लावू नका, डिस्क भरते. बगझिलात (त्यांची चुका नोंदवायची साइट) ‘ईझीहॅक’ (नवख्यांसाठी सोपी कामं) कीवर्डनं शोधा, पायथनचेही सापडतात. पॅच गेरिटवर (बदल तपासायची साइट) जातो, गिटहबवर नाही. लायसन्सचं विधान (आपला कोड कुठल्या लायसन्सखाली देतो ते) मेलिंग लिस्टवर एकदा मेल करावं लागतं. दुरुस्ती सांगितली तर नवा कमिट करू नका, जुनाच अमेंड करा (सुधारा). कमिटच्या संदेशातली खालची चेंज-आयडीची ओळ पुसलीत तर गेरिट तो नवाच पॅच धरतं.