‘बाकी सगळ्या आजोबांच्या गप्पा’ म्हणे!

म्युनिकचा मावळा

परवा चॅम्पियन्स लीगवर, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेवर बोलताना निळा चंद्र यांनी ठोकून दिलं, ‘युरोपात आता एकच वैर उरलंय, रिअल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी. बाकी सगळ्या आजोबांच्या गप्पा.’ जाता जाता ‘रिअलचा 2022 चा कप बेन्झेमाने एकट्याने आणला’ अशी पुस्तीही जोडली. पुस्तीकडे कानाडोळा करेन. पण पहिलं वाक्य दोन दिवस डोक्यात बसलंय, म्हणून हे लांबण लावतोय.

सिटी रिअलशी पहिल्यांदा भिडली 2012 मध्ये, तीही गटसाखळीत. तोवर आमच्या बायर्न म्युनिकचं आणि रिअलचं काय काय होऊन गेलं होतं! 1976 च्या उपांत्य सामन्यात रिअलच्या बर्नाबेऊ मैदानावर एक प्रेक्षक मैदानात घुसून रेफरीवर आणि गर्ड म्युलरवर धावून गेला. 1987 मध्ये म्युनिकला हुआनितोने खाली पडलेल्या मॅथेयसच्या तोंडावर बुटासकट पाय दिला आणि युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, पाच वर्षांची बंदी ओढवून घेतली. 2000 मध्ये एकाच मोसमात चार सामने झाले. आधीच्या दोनांत आम्ही त्यांना चार-चार गोल हाणले आणि शेवटी उपांत्य फेरीत त्यांनीच आम्हाला बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी आम्ही परतफेड केली आणि कपही आणला. 2007 चा मकायचा दहाव्या सेकंदाचा गोल सोडून देतो. 2012 मध्ये त्यांच्याच घरात पेनल्टी शूटआउट झालं, आमचा कीपर नॉयरने रोनाल्डो आणि काका दोघांना अडवलं आणि रामोसने मारलेला चेंडू माझ्या माहितीप्रमाणे अजून खाली आलेला नाही. 2014 मध्ये आमच्या अंगणात 0-4. 2017 मध्ये रोनाल्डोचे दोन सामन्यांत पाच, त्यातले दोन ढळढळीत ऑफसाइड.

या स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळा झालेली गाठ हीच आहे. सिटीला ड्रॉच्या भांड्यातून 2022 पासून सलग चार वेळा तीच चिठ्ठी आली, एवढंच.

निळा चंद्र

1976 मध्ये मैदानात घुसलेल्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. आता पणतवंडं खेळवत असतील.

मावळेसाहेब, 2022 ते 2025 सलग चार मोसम बाद फेरीत रिअल आणि सिटी. 4-3 आणि मग ते बर्नाबेऊ. पुढच्या वर्षी आमचे 4-0. मग 3-3 आणि शूटआउट. मग आमच्या एतिहाद मैदानावर 85 व्या मिनिटापर्यंत 2-1 ने पुढे असताना 2-3. यातल्या पहिल्या तीन वर्षी ज्याने ही लढत जिंकली, त्यानेच कप नेला. तुमचं बायर्न त्या काळात कुठे होतं? हो, 2024 मध्ये होतं, 88 व्या मिनिटापर्यंत.

आणि जखमेचं म्हणाल तर ऐका. 2022 चा तो दुसरा सामना, सकाळची शिफ्ट होती, 89 वं मिनिट, एकूण 5-3 ने आम्ही पुढे. टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी बाबांनी चहाचा कप हातात देताना विचारलं, ‘तुझ्या टीमचं काय झालं रे?’ मी म्हटलं, फायनलला गेले. त्यांनी काही न बोलता मोबाईल पुढे केला. रॉड्रिगोने दीड मिनिटात दोन. बाबा क्रिकेटवाले. त्यांना त्यातलं काही कळत नाही, तरी आजतागायत मला ‘झोपलास का?’ विचारतात. हे वैर नाही तर काय आहे?

अ‍ॅटलेटीची आत्या

बाळांनो, दोघांचंही चालू द्या. वैर म्हणजे आमच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदचं आणि रिअलचं. 2014 ची लिस्बनची फायनल, रामोसचा गोल, 92 मिनिटं 48 सेकंद. तो आकडा मी विसरायला तयार आहे, माद्रिदवाले विसरू देत नाहीत. 2015, चिचारितो, 88 वं मिनिट. 2016, हुआनफ्रानची पेनल्टी खांबाला. 2017, रोनाल्डोचे तीन. 2025, आमचा हुलियान अल्वारेझ घसरला, चेंडूला दुसरा पाय लागला म्हणे, पेनल्टी रद्द. तीन महिन्यांनी नियमवाल्यांनी खुलासा केला की असं चुकून झालं आणि गोल गेला, तर पेनल्टी पुन्हा घ्यायची. तीन महिन्यांनी! आणि हे सगळं एकाच शहरात. सकाळी त्याच पावाच्या दुकानात त्यांच्याशेजारी रांगेत उभं राहायचं असतं. मँचेस्टरवाले विमान पकडून घरी जातात.

निळा चंद्र

आत्या, 1959 धरून सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा तुम्ही बाहेर. याला वैर नाही म्हणत, नेम म्हणतात. संकष्टीसारखा.

अ‍ॅटलेटीची आत्या

2018 चा सुपर कप, 4-2. शोधून बघ.

निळा चंद्र

सुपर कप! बरं. तुमचंही दुकान चालू राहू दे.

पेठेतला कीपर

वैर बघायचं असंल तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या भावांनो, पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर असताना. टीव्हीवर बघून वैर कळत नसतंय. ते ऱ्हाऊ दे.

मावळ्यानं ज्या पुस्तीकडे कानाडोळा केला तीच मला टोचली. ‘बेन्झेमाने एकट्याने.’ लेका, फायनलला बेन्झेमाचा गोल किती? शून्य. रिअलचा कीपर कोर्तुआचे सेव्ह किती? नऊ. लिव्हरपूलच्या मानेचा फटका बोटानं खांबावर ढकलला, सालाहला तर रात्रभर दार उघडलंच नाही. पॅरिसविरुद्धच्या दोन सामन्यांतल्या पहिल्या लेगला मेस्सीची पेनल्टी कुणी धरली? आणि चंद्रा, तू झोपायच्या जरा आधी तुमचा ग्रीलिश एकटा समोर होता. कोर्तुआच्या बुटाचं टोक लागलं नसतं तर 6-3, आणि रॉड्रिगोचे दोन गोल गेले असते केराच्या टोपलीत. तुझ्या बाबांना तो सेव्ह दाखव.

मी पेठेच्या टीमला कीपर होतो. एका फायनलला शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली. ज्यानं गोल मारलेला त्याला खांद्यावर घेऊन पोरं चौकापर्यंत नाचत गेली. मी मागनं जाळी गुंडाळत होतो. हार घातला तोही त्याला. फोटोत मी हाय, अर्धा.

निळा चंद्र

भावा, अर्ध्या फोटोबद्दल सहानुभूती आहे, पण बेन्झेमाचे त्या मोसमात 15 गोल. पॅरिसला 17 मिनिटांत तीन. चेल्सीला त्यांच्या घरात तीन, आणि परतीच्या सामन्यात सगळं हातातून निसटत असताना जादा वेळेत हेडर. सिटीला पहिल्या लेगला दोन, त्यातली ती पानेन्का, हळूच मधोमध उचललेली पेनल्टी. मग दुसऱ्या लेगची पेनल्टी. इतकं करून फायनलला दमला असेल तर दमू दे. कीपरचं काम अडवणं हेच असतं, पगार त्याचाच मिळतो.

पेठेतला कीपर

आणि स्ट्रायकरला पगार भाजी निवडायचा मिळतोय होय? हीच वृत्ती! बॅलन डी’ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आजवर एकाच कीपरला, 1963 मध्ये यशिनला. 2022 ला बेन्झेमा पहिला आणि कोर्तुआ सातवा. सातवा! कप जिंकून देणारा सातवा आणि हरलेला माने दुसरा.

म्युनिकचा मावळा

इथे मी कीपरभाऊंच्या बाजूने. 2001 ची फायनल, व्हॅलेन्सियाविरुद्ध शूटआउटमध्ये ओलिव्हर कानने तीन अडवल्या. त्या वर्षी बॅलन डी’ओर ओवेनला. मूळ मुद्दा मात्र वैराचा होता, तिकडे वळूया का?

पुण्याची पुतेयास

वैरावरच बोलते. महिलांच्या चॅम्पियन्स लीगमधलं, आमचं बार्सिलोना आणि ल्यों. 2019 ची फायनल, हेगरबर्गची पहिल्या अर्ध्या तासात हॅटट्रिक, आम्ही 4-1 ने चिरडलो. 2022 ला पुन्हा त्यांच्याकडूनच 3-1. 2024 ला बिल्बाओत बोनमाती आणि पुतेयास, 2-0, हिशेब चुकता. मधल्या काळात आमच्या काम्प नोऊ स्टेडियमवर महिलांच्या सामन्याला 91 हजारांवर माणसं आली. इतक्या लांबलचक चर्चेत याबद्दल एक ओळ नाही. बघितलंच नसेल कुणी.

निळा चंद्र

ताई, विषय भरकटवू नका.

पुण्याची पुतेयास

तुमचे बाबा, कीपरांचा अर्धा फोटो आणि संकष्टी एवढं झाल्यावर मी विषय भरकटवते? कमाल आहे.

अ‍ॅटलेटीची आत्या

पुतेयासबाई, शाब्बास. (मी 2024 ची बघितली होती. पहिल्यांदाच. पण बघितली.)

आता कोर्तुआचं गुणगान थांबवा. तीन वर्षं आमच्याकडे उसना राहिला, लिस्बनला आमच्याच गोलात उभा होता, आणि मग चेल्सीमार्गे त्याच रामोसच्या टीममध्ये जाऊन बसला. आमच्या स्टेडियममध्ये त्याच्यावर खेळण्यातले उंदीर उगीच फेकले नाहीत. ज्याच्यामुळे रडलो त्याच्याच घरी पंगतीला बसणाऱ्या माणसाचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. कीपर म्हणजे ओब्लाक. 2020, अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूलने जणू भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्या रात्री.

पेठेतला कीपर

आत्या, ओब्लाकला दंडवत. पर कुठल्या टीमला गेला त्यावर सेव्हची उंची ठरती काय? आमच्यातलाच एक कीपर पेठ सोडून समोरच्या टीमला गेला. चार वर्षं कुणी बोललं नाही त्याच्याशी, त्याच्या लग्नाला पण गेलं नाही कुणी. तरी तो डाइव्ह मारायचा तेव्हा आम्ही मनातल्या मनात ‘क्या बात’ म्हणायचो. मोठ्यानं नाही. मनातल्या मनात.

निळा चंद्र

ठीक आहे. बेन्झेमा 90 टक्के, कोर्तुआ 10. झालं समाधान? त्यातले 5 ग्रीलिशला द्या, त्याने सरळ कीपरच्या बुटावर मारला म्हणून.

म्युनिकचा मावळा

आत्या, एक आठवलं. 2024 ला बर्नाबेऊवर लाइन्समनने घाईने झेंडा वर केला, शिट्टी वाजली, डी लिख्टने चेंडू जाळ्यात टाकला तरी व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ रेफरीला, बघताच येईना. त्या रात्री रेफरी कोण? मार्चिनियाक. अल्वारेझच्या पेनल्टीच्या रात्री?

अ‍ॅटलेटीची आत्या

मार्चिनियाक! अरे देवा. मावळ्या, तुझ्याबद्दलचं मत बदलावं लागणार.

चामार्तीनचा चिंतामणी

आत्ता पोचलो. रेफरी, झेंडा, घसरलेला पाय, बाबांचा चहा, सगळं वाचलं. मंडळी, 2024 च्या त्या रात्री आमच्या होसेलूचे दोन गोल रेफरीने मारले नव्हते. पहिला नॉयरच्या हातातून सुटला म्हणून आला. कीपरांवर एवढी चर्चा झाली आणि त्याची ही चूक मात्र कुणी काढली नाही.

पेठेतला कीपर

तो सुटायच्या आधी त्यानं किती धरले ते पण सांग की. एक सुटला की कीपर आठवतोय, धरलेले कुणी मोजत नाही. हेच म्हणतोय मी सकाळपासनं!

म्युनिकचा मावळा

चिंतामणी, तुमच्याशी मला बोलायचंच नाही. पण हे वाक्य माझ्याविरुद्ध वापरलं जाणार हे ठाऊक असूनही लिहितो, 2025 मध्ये सिटीने 2-3 खाल्ला तेव्हा मीही खुर्चीवरून उठलो होतो. तेवढं वैर धरा. बाकी 1976 माझंच.

निळा चंद्र

मेहेरबानी. पन्नास वर्षांनी आम्हीही आजोबा होऊ, तेव्हा बोलू.

पेठेतला कीपर

ते मिटलं असंल तर एवढंच सांगा, सालाहचा सेव्ह मोठा का ग्रीलिशचा?

अ‍ॅटलेटीची आत्या

दोन्ही नाही. 2014, चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज, टेरीचा हेडर कोर्तुआने अडवला तो. तेव्हा तो आमचा होता. यापुढे त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.