टॉर्कचं उत्तर जुळत नाहीये, उद्या टेस्ट आहे

ओम_रामबाग: डायपोलचं (एक धन, एक ऋण चार्जची जोडी) साधं गणित आहे, चार्ज २ मायक्रोकूलॉम, अंतर ३ सेंमी, फील्ड २ लाख, अँगल ३०. टॉर्क (फील्डचा वळवणारा जोर) माझा ०.००६ येतोय, पुस्तकात ०.०१०४ आहे. फॉर्म्युला पीई साइन थीटा (पी म्हणजे चार्ज गुणिले अंतर, ई म्हणजे फील्ड) बरोबरच आहे, पटकन सांगा कोणीतरी, भंवरकुआंच्या क्लासचे सर फोन उचलत नाहीयेत

सायली_के: अंतर दोन चार्जमधलं पूर्ण की केंद्रापासूनचं? पुस्तकात २ए असतं, पोरं नुसता ए घेतात.

ओम_रामबाग: पूर्णच आहे ताई

जुने_मास्तर: आधी दिशा बघ. डायपोल मोमेंट, म्हणजे तुझा पी, ऋणाकडून धनाकडे.

केमिस्ट्रीवाला: आमच्याकडे बाण उलटा काढतात काका, धनाकडून ऋणाकडे. पाण्याचा मोमेंट १.८५ डिबाय (त्याचं एकक) वगैरे सगळं तसंच शिकलो.

जुने_मास्तर: त्याला मूल्य हवंय. बाण उलटा केलास तर ३० चे १५० होतील, साइन तेवढाच राहणार!

केमिस्ट्रीवाला: साइन राहील, पण एनर्जीत कॉस असतो, तिथे चिन्ह पलटेल.

जुने_मास्तर: एनर्जी विचारली कोणी?

पोहे_जिलेबी: मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचे रेणू असेच फिरतात, २.४५ गिगाहर्ट्झ. घ्यायचाच असेल तर कन्व्हेक्शनवाला घ्या, आमच्याकडे साधा आहे, केक होत नाही

सायली_के: अहो भिया, तिथे फील्ड सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं, इथे ते जागचं हलत नाहीये. ओम, तुझं पी गुणिले ई ०.०१२ आहे ना? पुस्तकातल्या उत्तराला त्याने भाग, ०.८६६ येतं, म्हणजे त्यांनी साइन ६० घेतलाय. ३० चा कोन कशाशी लिहिलाय? पूर्ण ओळ टाक.

ओम_रामबाग: "प्लेट्सशी ३० अंशाचा कोन करून ठेवला." त्यात काय

जुने_मास्तर: अरे बाळा, दोन समांतर प्लेट्समधलं फील्ड प्लेट्सना काटकोनात असतं! फील्डशी ६० झाले.

ओम_रामबाग: मग सरळ फील्डशी ६० लिहायला काय जातं यांचं. बरं याच गणिताच्या बी भागात डायपोल फील्डच्या दिशेला वळेपर्यंत फील्डने केलेलं काम विचारलंय, उत्तर ०.००६ छापलंय, हा तर माझा टॉर्कच, चुकून इथे टाकलाय का?

सायली_के: नाही रे, योगायोग. पीई गुणिले १ वजा कॉस ६०, म्हणजे ०.०१२ चं अर्धं, आणि एकक ज्यूल. तूच धरून सावकाश वळवलास तर तुझं काम उणे.

केमिस्ट्रीवाला: आली ना शेवटी एनर्जी?